पहिल्या फुलाचा टोला

बी.एस्सी., वनस्पतिशास्त्र, प्रथम वर्ग. सत्ताविसाव्या वर्षी हे मी नावापुढे लिहीत असे, अगदी दुधाच्या वहीवरसुद्धा. आणि त्याच वर्षी एक धडधाकट पळस मेला आहे असं ठरवून मी तो तोडायला लावला. फाल्गुनात पळस पानं टाकून उघडाबोडका होतो, मग फुलतो, हे पिशोरच्या रानात शेळ्या राखणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं. लॅटिन नाव सांगितलं असतं, कूळ सांगितलं असतं, फुलाची आकृती काढून भागांना नावंही दिली असती. झाड समोर उभं राहिलं तेव्हा मात्र ओळखू आलं नाही.

नातवंडांना हे एवढंच सांगते. ती पोट धरून हसतात आणि मी त्यांना हसू देते. पुढचं सांगत नाही, कारण पुढचं शाळेतल्या टोल्याच्या मावशींचं आहे. मावशी या पौषात गेल्या, म्हणून आता लिहायला बसले.

तेव्हाच्या औरंगाबादेतल्या ज्या मुलींच्या शाळेत मी शिकवत होते तिथे तीन मावश्या होत्या. एक पाण्याच्या, एक झाडायच्या आणि एक टोल्याच्या. टोल्याच्या मावशी म्हणजे घंटा देणाऱ्या. घंटा कसली, रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा, कडुनिंबाच्या फांदीला तारेनं टांगलेला. मावशी ठेंगण्या, नऊवारी घट्ट कसलेली, डोक्यावरचा पदर कधी ढळायचा नाही. टाचा उंच करून त्या लोखंडी दांडा हाणायच्या तेव्हा वाटायचं, बाई रुळाला नव्हे, कुणाला तरी जाब विचारते आहे.

माघ लागला की त्यांचं एक खूळ सुरू होई. तास चालू असताना, अगदी मध्येच, एकच टोला. मी नवी होते. पहिल्यांदा तो टोला ऐकला आणि तास संपला समजून मुलींना सोडून दिलं. मुली हसत बाहेर पळाल्या, पण मैदानात न जाता खिडक्यांपाशी आणि कठड्यापाशी गोळा झाल्या. "मावशी, काय आलं?" एकीनं वरून विचारलं. मावशी खालून म्हणाल्या, "काटेसावर. मोठ्या बाईच्या खोलीमागं. एकच हाय, दमानं बघा."

शाळेच्या आवारात जे झाड त्या साली पहिल्यांदा फुलेल त्याला एक टोला, ही त्यांची रीत. शेवग्याला, आंब्याच्या मोहोराला, कुंपणावरच्या पांगाऱ्याला. चैत्रात कडुनिंबाला, ज्याच्या फांदीला रूळ टांगला होता त्याच्याच फुलासाठी त्यालाच हादरा. मुख्याध्यापिकांनी, म्हणजे मोठ्या बाईंनी, यावर लेखी समज दिली. मावशींनी अंगठा उठवला, कागद घडी करून कमरेला खोचला आणि म्हणाल्या, "तास समदे तुमचे, बाई. वर्साकाठी पाच-सात टोले माझे. तेवढं तर द्यावं लागल." मोठ्या बाई कडक होत्या, पण त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. उलट माघात त्यांच्याच खोलीची खिडकी उघडी असायची.

पहिलं फूल तोडायचं नाही, हा मावशींचा दुसरा कायदा. आठवीतल्या एका मुलीनं मोहोराचा पहिला तुरा वेणीत खोचला. मावशींनी तिला रुळाखाली उभं केलं. "तुझ्या घरी पाव्हणं आलं की त्याला पाणी देतेत का भांडे घासायला बसवतेत?" मुलगी रडवेली होऊन म्हणाली, "पाणी देतेत." "मग? हे आत्ता उतरलंय यष्टीतून. अजून पाय बी धुतले नायत त्यानं, अन् तू त्याला डोक्यावर बसवून कामाला लावलंस." एवढं बोलून स्वतःच हसल्या आणि तिला वर्गात पाठवलं. दुसरं, तिसरं, पन्नासावं फूल कुणीही तोडा, त्यांचं काही म्हणणं नसे.

माझी त्यांना गंमत वाटे. मी पुस्तक उघडं धरून झाडाखाली उभी राहिले की त्या जवळ यायच्या. "बाई, तुमच्या पुस्तकात ह्याला पाकळ्या किती?" मी सांगायची, पाच. त्या खाली पडलेलं फूल उचलून मोजायच्या आणि मान हलवायच्या. "व्हय. बरोबर छापलंय." वर्षभरानं माझ्या लक्षात आलं की त्या झाड नव्हे, माझं पुस्तक तपासत होत्या.

मावशींना एकच लेक, शकू. नवरा लवकर गेला, तेव्हा पिशोर सोडून त्या लेकीला घेऊन शहरात आल्या आणि शाळेच्या मागच्या खोलीत राहू लागल्या. शकू आमच्याच शाळेत सातवीपर्यंत शिकली. मी नोकरीला लागले तेव्हा ती सोयगावकडे सासरी गेलेली होती, त्यामुळे मी तिला फक्त ऐकून ओळखत होते. ऐकलेलं बरंच असे. शकूला आंबट आवडतं, शकूला पाढे येत नाहीत पण गाणी येतात. आणि पाण्याच्या टाकीमागचा पळस शकूनं लावला. नऊ वर्षांची असताना आजोळच्या डोंगरातून पळसपापडी आणली, म्हणजे पळसाची ती चपटी शेंग, आणि टाकीमागं पुरली. झाड आलं. वेडंवाकडं, खोड पिळवटलेलं, पण आलं. नऊ वर्षं झाली तरी फुलायचं नाव नव्हतं. शकू माहेरी आली की आधी टाकीमागं जायची म्हणे, आणि तिथून ओरडायची, "आये, अजून नाय."

त्या साली संक्रांतीनंतर शकूला सासरच्यांनी आणून सोडलं. पाच महिन्यांची गरोदर, पाय सुजलेले, चार पावलं चालली की धाप. सरकारी दवाखान्यात ठेवली. डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाची झडप बिघडलेली आहे, लहानपणी सांधे धरत होते तेव्हाच दवाखान्यात दाखवायला हवं होतं. मावशी सकाळी शाळा, दुपारनंतर दवाखाना, असं करू लागल्या. तास कधी चुकला नाही. डोळे मात्र खोल गेले.

आणि नेमक्या त्याच साली पळसाला कळ्या आल्या.

त्या शनिवारी मी शिक्षकांच्या खोलीत पेपर तपासत होते. मावशी दारात उभ्या राहिल्या. "बाई, मागलं झाड आठ दिसांत फुटतंय. शकूला सांगितलं तर उठून बसली. ह्या साली पहिलं फूल मी तोडनार हाय. तिच्याकडं न्यायचंय. असू दे, एकडाव रीत मोडली तर." मी लाल पेनानं एकीचे गुण कापत म्हणाले, "हो हो, छान." मागलं झाड म्हणजे कुठलं, हेही मी विचारलं नाही. मला वाटलं असेल आंबा. खरं सांगायचं तर मला काहीच वाटलं नव्हतं. मी ऐकतच नव्हते.

पुढच्या आठवड्यात शाळेची तपासणी होती, आणि माझ्या डोक्यात शालेय उद्यान घुसलं होतं. गुलाबाचे वाफे, प्रत्येक झाडाला पाटी, पाटीवर लॅटिन नाव. ऊन पडेल अशी जागा एकच, पाण्याच्या टाकीमागची. तिथं एक वाकडं, निष्पर्ण झाड. फांद्यांच्या टोकांना काळ्या गाठी, मखमलीसारख्या. मी भिंगातून पाहिलं. होय, भिंगातून. आणि मोठ्या बाईंना सांगितलं की झाड वाळलेलं आहे, वर बुरशीही लागली आहे, शेजारच्या झाडांना लागेल. मोठ्या बाई भाषेच्या. त्यांनी माझ्या प्रथम वर्गाकडे पाहून मान डोलावली. रविवारी लाकूडतोड्या बोलवायचं ठरलं. रविवारी मावशी दिवसभर दवाखान्यात असायच्या.

लाकूडतोडे चाचा म्हातारे होते. दोन घाव घालून थांबले. सालीतून लाल चीक पाझरत होता. "मॅडम, झाड जिंदा है. देखो, लाल पानी छोडरा." मी म्हणाले, "चाचा, तेच तर रोगाचं लक्षण आहे." त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग कुऱ्हाडीकडे. "आप पढेलिखे," एवढं म्हणाले आणि पुढचा घाव घातला. पळसाच्या चिकाचा धडा मी नववीला शिकवत असे. पान कितवं तेही आठवतं.

लाकडं गल्लीतल्या मंडळाला होळीसाठी देऊन टाकली. मी जागा झाडून घेतली, वाफे आखले आणि घरी जाऊन शांत झोपले.

सोमवारी मावशींनी सकाळचे टोले वेळेवर दिले. मग टाकीवर कळशी भरायला गेल्या. मी वर्गाच्या खिडकीतून बघत होते, माझे वाफे त्यांना कसे वाटतात हे कळावं म्हणून. त्या बुंध्याजवळ उभ्या राहिल्या. बसल्या. बुंध्यावर हात फिरवला आणि लाल झालेला तळवा पाहिला. मग झाडताना राहून गेलेल्या बारक्या काड्या वेचायला लागल्या, टोकाला काळ्या गाठी असलेल्या. एका गाठीचा देठाकडचा भाग त्यांनी नखानं उकलला, आणि आतून तो रंग दिसला. दुसऱ्या मजल्यावरून मला दिसला. त्या क्षणी मला पाटी, लॅटिन नाव, कूळ, सगळं एकदम आठवलं.

मी खाली गेले. काय बोलले ते आठवत नाही, काहीतरी इंग्रजी शब्द घालून बोलले असेन. मावशी म्हणाल्या, "दुसऱ्या तासाची येळ झाली, बाई," आणि रुळाकडे गेल्या. काड्या त्यांनी तांब्यात पाण्यात ठेवल्या होत्या. तीन दिवसांत कळ्या गळून पडल्या.

होळी त्या साली नीट पेटली नाही. ओल्या लाकडानं गल्लीभर धूर केला. लोक खोकत होते आणि मंडळाला शिव्या घालत होते. मी दार लावून आत बसले.

आता माझा दुसरा शहाणपणा ऐका. चूक केली की भरपाई करायची, असं मला शिकवलं होतं. रंगपंचमीच्या सकाळी मी यष्टीनं खुलताबादच्या बाजूला गेले. घाटात पळस असा पेटला होता की माझीच मान खाली गेली. पिशवी भरून फुलं तोडली आणि तडक दवाखान्यात गेले. बायकांचा वॉर्ड, खिडकीजवळची खाट. मावशी शकूचे पाय चेपत होत्या. शकू म्हणजे नुसते डोळे आणि पोट. मी पिशवीतलं एक फूल तिच्या हातात दिलं.

तिनं ते पालथं केलं, उलटं केलं, नाकाला लावलं. पळसाला वास नसतो. "बाई, आपल्या झाडाचं ना? आई रोज सांगती. काल पंधरा उमलले म्हणं, पोपट येऊन बसतेत म्हणं."

म्हणजे मावशी रोज तिला ते झाड फुलवून दाखवत होत्या. बुंधा बघून यायच्या आणि खाटेवर बसून एकेक फांदी फुलवायच्या. मी मावशींकडे पाहिलं नाही. म्हणाले, "हो. टाकीमागचं." शकू म्हणाली, "मी लावलंय ते," आणि फूल गालाशी धरून पडून राहिली.

मावशी माझ्या मागोमाग व्हरांड्यात आल्या. आवाज वाढवला नाही. "बाई, झाड नेलंत. खोटं बोलायचं एक काम माझ्याकडं व्हतं, ते बी तुम्हीच केलंत. आता मी आत जाऊन काय सांगू तिला?"

त्या परत आत गेल्या. मी जिन्यात बसले. बऱ्याच वेळानं एक नर्स म्हणाली, वाटेतून उठा.

पाडव्याच्या चार दिवस आधी शकू गेली. बाळही गेलं. मावशींनी तीन दिवस सुट्टी घेतली आणि चौथ्या दिवशी सकाळी रुळाखाली उभ्या होत्या. तास, सुट्टी, तास. निंब त्याच आठवड्यात फुलला. सगळ्या शाळेत गोडूस वास भरला, मुली कान देऊन बसल्या, मीही बसले. टोला पडला नाही. पुढच्या माघात मोहोर आला, काटेसावर आली, टोला नाही. एका मुलीनं विचारलं, "मावशी, सावर फुलली ना?" "मला काय ठाऊक," मावशी म्हणाल्या. "डोळे तुमाला बी हायत."

माझ्याशी त्या कधी वाईट वागल्या नाहीत, ही शिक्षा मी वीस वर्षं भोगली. चहा आणून द्यायच्या, वेळेवर. "बाई, तुमची छत्री राह्यली." "बाई, मोठ्या बाईनं बोलावलंय." पुस्तकातल्या पाकळ्या मात्र पुन्हा कधी विचारल्या नाहीत.

शकू गेली त्याच साली पावसाळ्यात पळसाच्या बुंध्याला नवी फूट आली. पळस असा सहजी मरत नाही, हेही पुस्तकात होतं. मी हरखले, जणू देवानं मला उत्तीर्ण केलं. बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं, उन्हाळ्यात स्वतः बादलीनं पाणी घातलं. मनात हिशेब असा बिनडोक की झाड वाढेल, फुलेल, मावशी एक दिवस टोला देतील आणि आम्ही दोघी रडू. झाड वाढलं. काही वर्षांनी फुललं, अगदी टाकीच्या वर डोकं काढून. मावशी कळशी घेऊन त्याच्या शेजारून जायच्या, मान न वळवता. निवृत्त झाल्या त्या दिवशी मी हार घालायला पुढे झाले. त्यांनी तो गळ्यात घालू दिला नाही, हातात घेतला, म्हणाल्या, "बरं हाय बाई, सांभाळा," आणि भावाकडे पिशोरला निघून गेल्या.

मी त्यांच्यामागे गेले नाही. कारणं पुष्कळ होती. संसार, मुलं, बाळंतपणं, गुडघे. खरं कारण एकच. माफी मागितली असती तर त्या हो म्हणाल्या असत्या किंवा नाही म्हणाल्या असत्या, आणि मला दोन्हीची भीती वाटत होती.

गेल्या फाल्गुनात नातीला म्हटलं, मला पिशोरला घेऊन चल. संभाजीनगर सोडलं की कन्नडपर्यंत ती गाडी चालवत गाणी लावून बसली आणि मी खिडकीतून पळस मोजत बसले. मावशी भाच्याच्या घरी ओट्यावर बसल्या होत्या. ऐंशी ओलांडलेली, पाठीची कमान झालेली, एका डोळ्यात फूल पडलेलं. मला आवाजावरून ओळखलं. "बाई? लई जाड झालात का? ओटा हलला." नात हसायला लागली. मग चहा झाला, पेरू झाला, कोण कोण गेलं त्याची उजळणी झाली. मोठ्या बाई गेल्या, झाडायच्या मावशी गेल्या.

नातीला मी शेत बघायला पाठवलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा तोंडानं म्हणाले, "मावशी, ते झाड मी तोडलं. तुम्ही आदल्या दिवशी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. मला माफ करा."

मावशी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. माझ्याकडे बघत नव्हत्या, दारासमोरच्या रस्त्याकडे बघत होत्या. मग सावकाश म्हणाल्या:

"माफी नका मागू, बाई. शकू त्या साली दिवाळीला बी आली व्हती. आये, दोन पायऱ्या चढले की धाप लागती म्हनली. मी म्हनले, सासरी काम पडतं म्हणून नाटकं करतीस, अन् दुसऱ्या दिशी यष्टीत बसवून दिली. हे मी कुणाला बोलले नाय. मग तुम्ही झाड तोडलं, अन् मला राग धरायला मानूस घावलं. इतके वर्सं तुमच्यावर धरला म्हणून माझ्यावर धरायचा राह्यला. आता माफ केलं तर तो समदा माझ्याकडं यील. ह्या वयात मी त्याला कुठं ठिवू? राहू द्या तुमच्यापाशीच."